धारपबाई आणि अधलामधला रिपोर्ट

धारपबाईंना 'बहुतेक' हा शब्द खपत नसे, आणि त्याचा हिंदी भाऊ 'शायद' तर मुळीच नाही. "मैडम, शायद मेरे जूते घर पे रह गए," असं एखादी मुलगी म्हणाली की बाई तिला तिथल्या तिथे पिशवी उलटी करायला लावत. "शायद क्या होता है? हैं कि नहीं हैं? देखो और बताओ." बूट बहुधा पिशवीतच निघत आणि पुढचा अर्धा तास ते त्या मुलीच्या पायांत मैदानभर पळत.

इंदूरच्या एका हिंदी शाळेत मी भूगोल शिकवायचो आणि शकुंतला धारप पी.टी. घ्यायच्या. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. शिवाय जुन्या इंदुरात आमच्या घरापासून चार दारं सोडून त्या राहायच्या, एकट्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारण्याची गल्लीत कोणाची छाती नव्हती. उंच, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिटी. मुली त्यांना 'सीटी मैडम' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. माझ्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या टेबलापाशी रेटारेटी सुरू झाली तेव्हा बाईंनी पर्समधून शिटी काढून अशी फुंकली की वरपक्षाची मंडळी हातात प्लेट घेऊन एका ओळीत उभी राहिली. व्याही अजून आठवण काढतात.

गल्लीतल्या भांडणांत त्यांचा निकाल शेवटचा असे. कोणाची गाडी कोणाच्या दारात लागली, गच्चीवरच्या टाकीचं पाणी कोणाच्या भिंतीत मुरलं, सगळं त्यांच्या ओट्यावर यायचं. दोन्ही बाजू ऐकायच्या, मग एकदाच बोलायच्या. "गुप्ताजी, आपकी गलती. कल सुबह तक ठीक करा दीजिए. भिया, तुम चिल्लाए क्यों? तुम्हारी भी आधी गलती." दोघंही कुरकुरत जायचे, पण जायचे.

एकदा जिल्ह्याच्या शाळांची खो-खोची अंतिम लढत होती आणि पंच ऐन वेळी आजारी पडले. समोरच्या शाळेच्या मास्तरांनी आपण होऊन सुचवलं, धारप मॅडमना उभं करा. अंतिम लढतीत आमचीच शाळा होती, तरी. शेवटच्या मिनिटाला आमच्या काजलने समोरची शेवटची खेळाडू टिपली आणि सगळं मैदान नाचायला लागलं. बाईंची शिटी दोनदा वाजली. काजलने वळताना दिशा मोडली होती. फाउल. आम्ही हरलो.

प्राचार्य जैन सर लालबुंद झाले होते. "मैडम, अपनी टीम थी!"

"टीम अपनी थी सर. फाउल भी अपना ही था."

मग रडणाऱ्या काजलसकट सगळ्या टीमला घेऊन त्या कचोरीच्या गाडीवर गेल्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "फैसला पहले, रोना बाद में, और रोते-रोते कचोरी खाई जा सकती है."

अशा या बाईंच्या हातात एके दिवशी एक कागद आला, आणि त्यावर ना हो होतं, ना नाही.

त्याचं असं झालं. माझ्या बायकोला, सुनंदाला, डॉक्टर अग्निहोत्रींनी पॅप टेस्ट करायला सांगितली होती. या स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणजे आमच्या भागातल्या निम्म्या बायकांच्या डॉक्टर. गर्भाशयाच्या तोंडावरच्या थोड्या पेशी काढून बघायच्या, कॅन्सरची काही चाहूल आहे का ते आधीच कळतं, एवढीच तपासणी. पण सुनंदा घाबरली होती. आज जाते, उद्या जाते, असं करत तिने महिना घालवला. धारपबाईंना हे कळल्यावर त्या बूट घालूनच आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"सुनंदा, ऊठ. मीही करते. आधी माझी, मग तुझी. पाच मिनिटांचं काम आहे, त्याला महिना काय लावतेस?"

म्हणजे धीर द्यायला म्हणून गेल्या होत्या बाई. त्यांना स्वतःला कसलाही त्रास नव्हता. आठवड्याने रिपोर्ट आले. सुनंदाचा स्वच्छ. बाईंच्या रिपोर्टवर इंग्रजीत एक लांबलचक ओळ होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतलं बोलणं सुनंदाने मला नंतर सांगितलं, आणि बाईंनी तर पुढे ते इतक्या वेळा साभिनय करून दाखवलं की मीच आत होतो असं मला आता वाटतं.

डॉक्टर म्हणाल्या, "मैडम, घबराने की बात नहीं है. कैंसर नहीं लिखा है. पर बिल्कुल साफ भी नहीं लिखा."

"तो क्या लिखा है?"

"कुछ कोशिकाएँ थोड़ी अलग दिख रही हैं. क्यों अलग हैं, ये इस जाँच से पक्का नहीं बता सकते. इस उम्र में सूखेपन से भी हो जाता है, सूजन से भी, और कभी-कभी शुरुआती बदलाव से भी. ये एक अलग दर्जा है."

"'पता नहीं' का भी दर्जा होता है?"

"होता है मैडम. और बहुत आता है."

"कमाल है. मैं बच्चों को इस बात पे मैदान के चक्कर लगवाती हूँ."

डॉक्टर हसल्या आणि मग नीट समजावून सांगितलं. बहुतेक वेळा यातून काही निघत नाही. पण थोड्या वेळा निघतं, म्हणून हा कागद कपाटात टाकून द्यायचा नाही, आणि रडत गावभर धावायचंही नाही. आता एका विषाणूची तपासणी करायची. तो नसला तर काळजी जवळजवळ मिटली. असला तर दुर्बिणीसारख्या यंत्रातून जवळून बघायचं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी स्टाफरूममध्ये हे सगळं सांगितलं. मोठ्या आवाजात, कारण त्यांना दुसरा आवाज नव्हता. "बच्चेदानी के मुँह की जाँच" हे शब्द खोलीत पडले आणि गणिताच्या चौहान सरांनी उलटी धरलेली वही वाचायला घेतली. मी चहाच्या कपात बघत होतो. हिंदीच्या दुबे मॅडम, पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या, पुढे वाकून म्हणाल्या, "मैडम, ऐसी बातें ज़रा धीरे से..."

"क्यों? दाँत का दर्द आप धीरे से बताती हैं?"

दुबे मॅडमनी पदर सारखा केला. विषय संपला.

पण त्या आठवड्यात धारपबाई बदलल्या. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण आम्हाला कळत होतं. सुनंदा एका सकाळी बाजारातून आली ती पिशवी न ठेवताच म्हणाली, "अहो, शकूताईंनी आज भाजीवाल्याला 'देशील ते दे' म्हटलं. त्याने दोन वेळा विचारलं, तबियत ठीक आहे ना." जी बाई एकेक भेंडी मोडून घ्यायची! गुप्ताजी पुन्हा टाकीचं भांडण घेऊन आले तर त्यांना, "देखते हैं," म्हणाल्या. गुप्ताजी घाबरून आपण होऊनच प्लंबरला बोलवायला गेले. आणि एका संध्याकाळी मी वर्गाच्या खिडकीतून सराव बघत होतो. दोन मुली वाद घालत होत्या, शिवलं की नाही शिवलं. सगळ्या बाईंकडे बघत थांबल्या. बाईंनी शिटी ओठाला लावली, काढली, आणि म्हणाल्या, "मैंने ठीक से देखा नहीं. फिर से खेलो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मुलींनीही नसावं, कारण त्या थोडा वेळ जागच्या हलल्याच नाहीत.

दुसरा रिपोर्ट आणायला बाई एकट्याच गेल्या. परत आल्या त्या थेट आमच्याकडे. सुनंदा कणीक मळत होती. बाई पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"विषाणू निघाला," त्या म्हणाल्या.

सुनंदाचे हात थांबले. मी पेपर खाली ठेवला.

"तो कशाने येतो ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. फार सभ्यपणे सांगितलं बिचारीने, इकडेतिकडे बघत. शरीरसंबंधातून येतो. आणि वर्षानुवर्षं गपचूप बसून राहू शकतो. तिने मला काही विचारलं नाही. मीच म्हटलं, हो, माझ्या आयुष्यात एक माणूस होता. फार पूर्वी. लग्न ठरायचं होतं, ठरलं नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "चांगला होता. बाकी तुम्हा दोघांना सांगण्यासारखं काही नाही."

मग सुनंदाने कणकेचा हात तसाच त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि इस्त्रीच्या साडीवर पिठाची पाच बोटं उमटली. बाईंनी खांद्याकडे बघितलं. "सुनंदा, ही आजच धुवून आणली होती गं," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. सुनंदा रडत होती आणि हसतही होती. मी चहा टाकायला उठलो. माझ्याकडून होण्यासारखं तेवढंच होतं.

खरा प्रश्न शाळेचा होता. पहिला रिपोर्ट बाईंनी सगळ्यांना सांगितला होता, तेव्हा दुसऱ्याची चौकशी होणारच. रात्री सुनंदा मला म्हणाली, "ताईंना सांगा, 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळं व्हा म्हणावं. कोण बघायला येतंय?" सकाळी बाईंच्या मोपेडवर मागे बसून शाळेत जाताना मी तो निरोप दिला. बाईंनी मोपेड बाजूला घेऊन थांबवली.

"गोरे सर, कोणी विचारलं नाही तर मी सांगणार नाही. विचारलं तर खोटं सांगणार नाही. शिटी वाजवून पोट भरलंय मी."

मधल्या सुट्टीत दुबे मॅडमनीच विचारलं. चांगल्या मनाने विचारलं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. "मैडम, वो दूसरी जाँच का क्या हुआ? भगवान ने सुन ली ना?"

"वायरस निकला है. अब मशीन से देखेंगे."

"वायरस? यानी वो... वो वाला, जो..." दुबे मॅडम थांबल्या. त्यांनी कुठेतरी वाचलं असावं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"हाँ, वही वाला. उसी से होता है. वाक्य पूरा कर लीजिए, आप तो हिंदी पढ़ाती हैं."

बाई उठल्या. डबा बंद केला. आवाज पहिल्यांदाच जरा खाली होता. "मेरी शादी नहीं हुई, ये सबको मालूम है. अब ये भी मालूम हो गया. इसके आगे जो है, वो मेरा है." आणि मैदानाकडे निघून गेल्या.

नंतरचे काही दिवस वाईट गेले. कोणी उघड काही बोललं नाही, पण मधल्या सुट्टीत बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. एका तरुण मास्तरणीने त्यांच्या बाटलीतलं पाणी नको म्हटलं. बाईंनी बाटली पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन मैदानाच्या पायऱ्यांवर बसू लागल्या. मी एक-दोनदा जाऊन बसलो. त्या नेहमीसारख्या बोलत होत्या, जरा जास्तच बोलत होत्या. पोळीचा घास मात्र हातातच राहायचा.

आणि मग एका दुपारी, सातवीच्या वर्गाला मी मान्सूनचे वारे समजावत असताना, खिडकीतून एक नवल दिसलं. भर उन्हात, छत्री उघडून, पदर सावरत दुबे मॅडम मैदान ओलांडत होत्या. धुळीची त्यांना भारी चीड, मैदानात पाऊल टाकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या पायऱ्यांपाशी गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग बाईंच्या शेजारी बसल्या. छत्री दोघींवर धरली. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. एवढंच दिसलं की दुबे मॅडम खाली बघून बोलतायत आणि धारपबाई, ज्या कधी कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नसत, गप्प बसून ऐकतायत. मग बाई ताडकन उठल्या. पाच मिनिटांत शाळेच्या फाटकातून मोपेड बाहेर पडली. मागे दुबे मॅडम, एका बाजूला पाय करून, मिटलेली छत्री छातीशी धरून. सातवीचा सगळा वर्ग वारे सोडून खिडकीत गोळा झाला होता. मीही.

नंतर कळलं. दुबे मॅडमची पाळी जाऊन काही वर्षं झाली होती, आणि तरीही गेले काही महिने मधूनच रक्त दिसत होतं. घरात सुना, मुलं, नवरा. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, ऐसी बातें. त्या दिवशी त्यांनी धारपबाईंना विचारलं होतं, "मैडम, आपकी वो डॉक्टर... डाँटती तो नहीं है ना?"

डॉक्टर अग्निहोत्री रागावल्या नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्या. आत एक छोटी गाठ होती, साधी निघाली, काढून टाकली. पेढे मात्र दुबे मॅडमनी स्टाफरूममध्ये वाटले, आणि "किस खुशी में?" असं चौहान सरांनी विचारल्यावर पदर नीट करून, अगदी स्पष्ट उच्चारांत म्हणाल्या, "गर्भाशय की गाँठ निकल गई, इस खुशी में." चौहान सरांना ठसका लागला. धारपबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप कमी, धपाटा जास्त होता.

बाटलीतलं पाणी नको म्हणणारी ती मास्तरणी पुढच्याच आठवड्यात बाईंकडून डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेली. शाळेतल्या बऱ्याच जणी मग जाऊन आल्या. बहुतेकींचे रिपोर्ट स्वच्छ आले. एकीचा पुन्हा तसाच, 'पता नहीं'वाला आला, तेव्हा ती रडत धारपबाईंकडे आली. बाईंनी तिला समोर बसवलं आणि अगदी डॉक्टरांच्या शांतपणे सांगितलं, "कैंसर नहीं लिखा है. साफ भी नहीं लिखा. इसका मतलब एक ही है, अगली जाँच की तारीख लो." तिचा विषाणू निघाला नाही. नुसती सूज होती.

आणि बाईंचं स्वतःचं? यंत्रातून बघितलं, चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, हलका बदल आहे. असे बदल पुष्कळदा आपले आपणच जातात, लगेच कापाकापी नको, नजर ठेवू, वर्षाने पुन्हा या. म्हणजे पुन्हा अधलंमधलंच! आम्हाला वाटलं बाई आता डॉक्टरांशी भांडणार. पण त्या म्हणाल्या, "ठीक है. साल भर का अभ्यास समझ लूँगी." त्या वर्षात त्यांनी भेंड्या पुन्हा मोडून घ्यायला सुरुवात केली, गुप्ताजींच्या टाकीचा निकाल लावला, आणि मुलींच्या टीमला राज्याच्या स्पर्धेला नेलं. रागावायच्या तशाच. पण एखादी मुलगी "मैडम, मुझे पक्का नहीं मालूम," म्हणाली तर आता पिशवी उलटी करावी लागत नसे. "चलो, पता करते हैं," म्हणायच्या आणि तिच्याबरोबर शोधायला जायच्या.

वर्षाने तपासणी झाली. स्वच्छ. त्यानंतरचीही स्वच्छ. सुनंदाने पुरणपोळ्या केल्या. बाई पाच खाऊन म्हणाल्या, "विषाणूसुद्धा कंटाळला गं माझ्या कटकटीला."

त्या निवृत्त झाल्या आणि बडोद्याला धाकट्या भावाकडे जायचं ठरलं. भावजय अंथरुणाला खिळली होती, घर सांभाळायला कोणी नव्हतं. जाण्याच्या आदल्या दिवशी लालबागेत जत्रा भरली होती. आम्ही तिघं गेलो. हवेत गारवा होता, पाळणे फिरत होते, भोंग्यावरून कोणाचं तरी हरवलेलं मूल पुकारत होते. बाई फुगे फोडायच्या दुकानापाशी थांबल्या. बंदूक घेतली, नेम धरला, हुकला. पुन्हा हुकला. दुकानदार मिशीत हसला. "माताजी, बच्चों को दे दो."

बाईंनी बंदूक डोळ्यांसमोर आडवी धरून तिची नळी निरखली. "नली बाईं तरफ झुकी है, भिया. तुमको मालूम है." आणि फुग्याच्या चांगलं वीतभर उजवीकडे नेम धरून चाप ओढला. फुगा फुटला. मग दुसरा, तिसरा. मागे गर्दी जमली, पोरं टाळ्या पिटायला लागली. दुकानदाराने कपाळाला हात लावून प्लास्टिकची एक गुलाबी चाळणी बक्षीस दिली. ती त्यांनी सुनंदाच्या हातात कोंबली.

"आता गराडू," त्या म्हणाल्या. "तळलेला कंद, वर लिंबू पिळलेला. बडोद्याला काही मिळायचा नाही."

आणि कोणाची वाट न बघता गर्दीत घुसल्या. आम्ही दोघं मागे पडलो. चाळणी सांभाळत, माणसांना चुकवत सुनंदा म्हणत होती, "अहो, गेल्या कुठे?" पाळण्यांचे दिवे, धूळ, तळणाचा वास. पांढरे बूट आधी दिसेनासे झाले, मग साडी. मग पुढे, पार त्या कढयांच्या धुराजवळ, सगळ्या डोक्यांच्या वर एक लांब हात उभा राहिला, आणि लालबागेच्या सगळ्या भोंग्यांवर मात करत आवाज आला,

"गोरे सर! सुनंदा! इकडे या, गरम आहे!"